मे महिन्यात कोकणात रानफुलपाखरं दिसतात का? त्यांचे फोटो कसे काढावेत?

दिसतात, आणि चांगली दिसतात. "फुलपाखरं बघायची तर गणपतीनंतर या" असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय, तेही चूक नाही. सप्टेंबर ते नोव्हेंबर हाच आपल्याकडचा भरघोस हंगाम. पण तुमची सुट्टी मे महिन्यात, मुक्काम चिपळूणजवळ आजोळी, हाताशी मोबाइल आणि एक जुना डीएसएलआर, त्याला ५५-२५० ची लेन्स, असं तुम्ही लिहिलंय. मग माझं एवढंच सांगणं : उन्हाळ्यात फुलं शोधत हिंडू नका, ओल शोधा.

गावाजवळ एखादा पऱ्या, म्हणजे छोटा ओढा, असेलच. मे महिन्यात तो वाहत नाही, अधूनमधून डबकी उरतात. त्या डबक्यांच्या पाण्यात नव्हे, तर कडेच्या ओलसर मातीवर फुलपाखरं उतरतात. त्यातही जिथे गुरं पाण्यावर येतात, जिथल्या चिखलात शेणमूत मुरलेलं असतं, ती जागा सगळ्यात भारी. कारण त्यांना नुसतं पाणी नको असतं, त्या ओलीतलं मीठ, म्हणजे सोडियम, हवं असतं. पानं खाऊन आणि मध पिऊन ते पुरेसं मिळत नाही. अशा घोळक्यात जवळपास सगळे नर असतात. हे क्षार ते मीलनाच्या वेळी मादीला देतात आणि ते पुढे अंड्यांच्या कामी येतात. तुमच्या घामेजलेल्या बॅगेच्या पट्ट्यावर किंवा बुटावर एखादं येऊन बसलं तर तेही त्यासाठीच, तुमच्या प्रेमापोटी नाही.

या चिखलपानाला कोण कोण येतं? पिवळट-पांढरे कॉमन एमिग्रंट आणि ग्रास यलो तर थव्याने येतात. काळ्या पंखांवर हिरवट-निळा पट्टा असलेला कॉमन ब्लूबॉटल, त्याचे भाऊबंद कॉमन जे आणि टेल्ड जे, लाइम बटरफ्लाय, आणि पांढऱ्यावर काळे ठिपके असलेला इवलासा कॉमन पियरो. हा पियरो बोरीच्या झाडावर वाढतो, त्यामुळे आसपास बोरी असल्या तर हमखास भेटतो. पानगळीच्या रानात असाल तर स्पॉट स्वोर्डटेलकडे लक्ष ठेवा. पट्ट्यापट्ट्यांचं, मागे तलवारीसारखी लांब शेपटी असलेलं हे फुलपाखरू उन्हाळ्यातच उडतं. गणपतीनंतरवाल्यांना ते दिसत नाही, हे त्यांना आवर्जून सांगा.

एक गोष्ट मात्र नुसत्या डोळ्यांनी बघाच. ब्लूबॉटल ओलीवर स्थिरावला की सोंड मातीत खुपसून पीत राहतो आणि थोड्या थोड्या वेळाने त्याच्या पोटाच्या टोकातून पाण्याचा थेंब पिचकारीसारखा बाहेर उडतो. पाणी आत, मीठ ठेवून पाणी बाहेर, असा कारभार चालू असतो. एरवी हीच मंडळी फुलावर असताना क्षणभर पंख स्थिर ठेवत नाहीत, मध पितानाही फडफडत राहतात आणि फोटोत नुसती धूसर रेघ येते. ओलीवर मात्र ती बैठक मारतात. फोटोसाठी उन्हाळा का चांगला, त्याचं उत्तर यातच आहे.

आता जवळ कसं जायचं. घोळका दिसला की बहुतेक जण कॅमेरा डोळ्याला लावून सरळ चालत जातात आणि सगळा घोळका उडतो. तसं न करता दहा-बारा फुटांवर थांबा, खाली बसा आणि बसल्या बसल्या, उकिडवे, थोडं थोडं पुढे सरका. मधे मधे थांबत. सूर्य कुठे आहे ते आधी बघा. तुमची सावली त्यांच्यावर पडली की खेळ संपला. पायाच्या हादऱ्यापेक्षाही सावलीने ती जास्त बिचकतात. समजा उडालीच, तर उठून मागे धावू नका. तिथेच बसून राहा. जागा चांगली असेल तर एकेक करून परत उतरतात, आणि एक बसलं की ते बघून दुसरी येतात. एका डबक्याशी तासभर बसणारा माणूस दिवसभर रान तुडवणाऱ्यापेक्षा चांगले फोटो घेऊन येतो, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे.

ओलीवर बसलेली बहुतेक फुलपाखरं पंख मिटून बसतात. एमिग्रंट तर उघडे पंख करून बसतच नाही. म्हणून वरून काढलेल्या फोटोत फक्त एक उभी रेघ दिसते. जमिनीलगत जा, सरळ पालथे झोपा आणि पंखाची पूर्ण बाजू लेन्ससमोर अगदी समांतर येईल असा कोन धरा. पंख तिरका झाला की डोळा स्पष्ट आणि शेपटी पुसट, असं होतं. जुने कपडे घाला. आजी ओरडेल, ओरडू दे.

दुसरी जागा तर तुमच्या घरामागेच आहे : झाडाखाली पडून कुजलेला फणस, काजूचे बोंडू, आंबे. काही फुलपाखरं फुलांकडे सहसा फिरकत नाहीत. त्यांचं पोट आंबलेल्या फळांवर, झाडाच्या चिकावर आणि विष्ठेवर चालतं. कॉमन बॅरन (याच्या अळ्या आंब्याच्या पानांवर वाढतात, म्हणजे कोकणात तो घरचाच), कॉमन नवाब, ब्लॅक राजा ही सगळी याच पंक्तीतली. नशीब जोरावर असेल तर ब्लू ओकलीफ. ते पंख मिटलं की हुबेहूब वाळकं पान, मधली शीरसुद्धा तशीच. उघडलं की आतून गडद निळं आणि त्यावर फिकट निळसर पट्टा. आंबलेला रस प्यायल्यावर ही मंडळी जरा सुस्तावतात आणि बरीच जवळ येऊ देतात. तेव्हा फळं गोळा करून टाकून देण्याची घाई करू नका, घरच्यांना दोन-चार दिवस तो फणस तिथेच राहू दे म्हणावं. वासाची तक्रार होईल. संध्याकाळी अंधारून येताना त्याच फणसाभोवती कॉमन इव्हनिंग ब्राऊन फिरताना दिसेल. पावसाळ्यात त्याच्या पंखाखाली डोळ्यांसारखे ठळक ठिपके असतात, उन्हाळी पिढीत ते जवळजवळ नाहीसे होतात आणि रंग पाचोळ्याचा होतो. पाचोळ्यावर बसलं की पायाखाली येईपर्यंत दिसत नाही.

फुलं अगदीच सोडू नका. अंगणातली जास्वंद आणि एक्झोरा यांवर ब्लू मॉर्मन येतं. काळं, मोठं, तळहाताएवढं, मागच्या पंखांवर निळी झळाळी. हेच आपलं राज्य फुलपाखरू. २०१५ साली महाराष्ट्राने ते जाहीर केलं, आणि राज्य फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. बातम्यांत तेव्हा त्याचं नाव राणी पाकोळी असं आलं होतं. लिंबाच्या कुळातल्या झाडांवर ते अंडी घालतं, त्यामुळे वाडीत लिंबू-पपनस असेल तर फेऱ्या मारताना दिसेल. पोफळीच्या बागेत शिंपण झाल्यावर पाटाच्या कडेलाही उतरतं. दक्षिणेकडे, सिंधुदुर्गात किंवा गोव्यात, जाणं झालं तर याहून मोठं, काळं-पिवळं सदर्न बर्डविंग दिसू शकतं. ते झाडांच्या शेंड्यांवरून तरंगत जातं, फोटो क्वचितच मिळतो.

हात बसवायला रस्त्याकडेची रुई धरा. तिच्यावर प्लेन टायगर असतंच. अळीपणी रुईचा विषारी चीक पचवल्यामुळे पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत, म्हणून ते निवांत, आरामात उडतं. नवशिक्याला याहून चांगलं गिऱ्हाईक नाही. पण नीट बघा, प्लेन टायगरची नक्कल करणारी डॅनेड एगफ्लायची मादीही तिथे असू शकते. ती विषारी नसते, नुसता वेष तसा.

वेळेचं गणित सोपं आहे. ऊन अंगावर आल्यावर, साडेसात ते नऊच्या दरम्यान, फुलपाखरं पंख पसरून अंग शेकत बसतात, उघड्या पंखांचे फोटो तेव्हाच घ्या. दहानंतर तीच सुसाट उडतात, मागे लागण्यात अर्थ नाही. तेव्हा पऱ्यावर जाऊन बसा, दुपारी एकपर्यंत तिथे वर्दळ असते. त्यानंतर तीही सावलीत जातात, तुम्हीही जा.

कॅमेरा नवा घ्यायची अजिबात गरज नाही. ५५-२५० ची लेन्स २५० वर ठेवा आणि साधारण मीटरभर अंतरावरून काढा. त्याहून जवळ फोकस होणार नाही, पण मोठ्या फुलपाखरांना तेवढं पुरतं. पियरोसारख्या नखाएवढ्यांसाठी एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मधे बसणारी पोकळ नळी) घ्या, मॅक्रो लेन्सच्या मानाने फार स्वस्त पडते. शटर १/५०० सेकंदापेक्षा हळू नको, फडफडणाऱ्यांना १/१००० किंवा त्याहून वेगवान. अॅपर्चर एफ/८ च्या आसपास. फोकस डोळ्यावर. पांढरी-पिवळी फुलपाखरं कडक उन्हात पार जळून येतात, तेव्हा एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप कमी करा. मोबाइलवर मॅक्रो मोड वापरू नका; त्यासाठी इतकं जवळ जावं लागतं की फुलपाखरू थांबत नाही. दोन किंवा तीन पट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा आणि बर्स्ट, म्हणजे एका दमात अनेक फोटो, ठेवा.

प्रत्येक फुलपाखराचा पंखाच्या खालच्या बाजूचा एक तरी फोटो घ्या, भले तो सुंदर नसो. ओळख पटवायला, विशेषतः छोट्या निळ्यांची, तीच बाजू लागते. नाव कळलं नाही तर फोटो आयनॅचरलिस्ट या जीव ओळखायला मदत करणाऱ्या वेबसाइटवर टाका.

फोटोसाठी फुलपाखरू पकडणं, फ्रीजमध्ये ठेवून सुस्त करणं, असले उद्योग काही लोक करतात. करू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूचीत कित्येक फुलपाखरं आहेत आणि ती पकडणं गुन्हा आहे. फळांचं आमिष आपल्या परसात ठीक, अभयारण्यात नाही. आणि पऱ्यावर जाताना अत्तर-डिओ लावू नका. उन्हाळ्यात आग्या मोहोळाच्या माश्याही त्याच पाण्यावर येतात. वरच्या कड्याला किंवा उंच झाडाला पोळं लटकलेलं दिसलं तर दुसरं डबकं बघा. दगडाखाली हात घालण्याआधी काठी फिरवा.

तारखा तुमच्या हातात असतील तर मेच्या पहिल्या पंधरवड्यात जा. वळीव एकदा जोरात पडला की सगळीकडेच ओल होते आणि पऱ्यावरचे घोळके पांगतात. शेवटच्याच आठवड्यात जाणं होत असेल तर मग डबक्यांचा नाद सोडा आणि लिंबू, कढीपत्ता, बहाव्याच्या कोवळ्या पालवीवर नजर ठेवा, तिथे माद्या अंडी घालताना सापडतील.