मेट्रो जाणारच नाही तो बोगदा आधी कशाला?

प्रश्न : पोरगा डिप्लोमा करून मुंबईत नव्या मेट्रो लाइनच्या साइटवर लागलाय. सहा महिने झाले, फोनवर विचारलं की बोगदा किती झाला तर म्हणतो मेन बोगदा अजून सुरूच नाही, आम्ही ॲडिट खणतोय. मेट्रो जिथून जाणारच नाही तो बोगदा आधी कशाला? आणि आत सुरुंग लावतात म्हणे, मला झोप लागत नाही.
– एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, आपल्याकडं आड असतो आणि पायविहीर असते, त्यावरूनच सांगतो. आडात पोहरा सोडायचा नि वर ओढायचा, पायविहिरीत माणूस स्वतः पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जातो. मेट्रोच्या साइटवरचा उभा शाफ्ट म्हणजे आड, सगळं क्रेननं वरखाली. ॲडिट म्हणजे पायविहीर, फक्त पायऱ्यांच्या जागी मेन बोगद्यापर्यंत उतरणारा उताराचा रस्ता, त्यामुळं डंपर, ड्रिलिंगचं मशीन, वेळ आली तर ॲम्ब्युलन्स, सगळं चाकांवर थेट खाली जातं.

भरलेला डंपर वर चढला पाहिजे म्हणून उतार हळूहळू द्यावा लागतो, त्यातच लांबी वाढते. हे मेट्रोचं नाही पण बुलेट ट्रेनसाठी घणसोलीला असाच ॲडिट केला, 26 मीटर खोल जायला 394 मीटर लांब, मे 2024 मध्ये झाला. पण खाली पोचलं की मेन बोगदा खणायला डावीकडं एक नि उजवीकडं एक अशी दोन तोंडं मिळतात, दोन्हीकडं एकदम काम चालतं. म्हणून तुमच्या मुलाचे सहा महिने वाया गेले असं अजिबात समजू नका, पुढचं सगळं काम त्याच वाटेनं जाणार आहे.

सुरुंगाचं म्हणाल तर आपल्याकडं विहीर खणताना काळी माती, मुरूम संपला की काळा पत्थर लागतो आणि सुरुंग लावावाच लागतो, मुंबईखाली पण बराचसा तोच बेसाल्ट. बोगद्यात सगळी भोकं एकदम उडवत नाहीत, मिलिसेकंदांच्या फरकानं उडवतात म्हणजे वरच्या इमारतींना हादरा कमी बसतो, आणि त्या वेळी माणसं लांब नेलेली असतात. मला काळजी वाटते ती नंतरची. आधी पंख्यानं धूर काढायचा, मग सैल दगड पाडायचे, मग शॉटक्रीट म्हणजे दाबानं फवारलेलं काँक्रीट आणि रॉक बोल्ट म्हणजे दगडात बसवलेले लोखंडी गज, आणि हे होईपर्यंत नव्या छताखाली कुणी म्हणजे कुणी जायचं नाही. ॲडिट जिथं मेन बोगद्याला मिळतो तिथं तर दुप्पट जपायचं, कारण तिथं दगडाचा आधार दोन्ही बाजूंनी काढलेला असतो. मुलाला एवढंच विचारा की आधार दिल्याशिवाय पुढं जायला लावतात का, आणि लावत असतील तर त्यानं सरळ नाही म्हणायचं, नोकरीची भीती धरायची नाही.

प्रश्न : काम झाल्यावर ॲडिट बुजवतात का?
– वाचक, अशोक चौक

उत्तर : काही ठिकाणी बुजवतात, काही ठिकाणी हवा खेळायला आणि आणीबाणीत बाहेर पडायला ठेवतात. मला विचाराल तर जमेल तिथं ठेवावाच. नोव्हेंबर 2023 मध्ये उत्तराखंडात सिलक्यारा बोगद्यात 41 मजूर 17 दिवस अडकले होते, एका बाजूला ढिगारा नि दुसऱ्या बाजूला न फोडलेला डोंगर, मधून बाहेर पडायला वाट नव्हती.