विंडोज सर्व्हरवर एन्क्रिप्शन सक्तीचं केल्यापासून उबुंटूवर शेअर (नेटवर्कवरचं फोल्डर) माउंट होत नाही, म्हणजे जोडलं जात नाही, एरर १३ येतो. पासवर्ड बरोबर आहे. काय तपासावं?

अलकापुरीच्या ऑफिसात विंडोज सर्व्हर २०२२, मकरपुऱ्याला उबुंटू, मधे व्हीपीएन, आणि एफएसटॅबमध्ये (काय कुठे माउंट करायचं त्याच्या फाइलमध्ये) 'व्हर्स=२.१' असलेली, म्हणजे एसएमबी या फाइल-शेअरिंग प्रोटोकॉलची आवृत्ती सांगणारी जुनी ओळ, असं तुम्ही लिहिलंय. घोळ त्या ओळीतच आहे. एसएमबीमध्ये एन्क्रिप्शन आलं ते ३.० पासून, म्हणजे विंडोज सर्व्हर २०१२ बरोबर. २.१ ला ते येतच नाही, मग सर्व्हर हाकलून देतो.

एरर १३ चा अर्थ 'परवानगी नाही' एवढाच. का नाही, ते कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये सापडतं. माउंट फसल्याबरोबर 'सुडो डीमेसग' चालवून शेवटच्या ओळी वाचा. 'लॉगऑन फेल्युअर' दिसलं तर नाव, डोमेन किंवा पासवर्ड चुकलाय. 'ॲक्सेस डिनाइड' दिसलं तर पासवर्ड बहुधा ठीक आहे, अडलंय ते एन्क्रिप्शनवर किंवा शेअरच्या परवानग्यांवर. पासवर्ड पुन्हा पुन्हा बदलत बसण्याआधी हे बघाच, नाहीतर खातं लॉक होईल ते वेगळंच.

एफएसटॅबच्या ओळीत 'व्हर्स=३.१.१,सील' करा ('सील' म्हणजे एन्क्रिप्शन मागणं), सोबत 'अंडरस्कोअर नेटडेव्ह' (_netdev, नेटवर्क आल्यावरच माउंट) आणि 'नोफेल' (माउंट फसलं तरी मशीन सुरू होऊ दे) ठेवा. व्हर्स २.१ तसंच ठेवून नुसतं 'सील' जोडलंत तर १३ जाऊन ९५ ('हे चालत नाही') येऊ शकतो. मग 'सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड' करा. रीमाउंटवर भागवू नका. अनमाउंट करून नव्याने माउंट करा. क्लायंटचा, म्हणजे उबुंटूचा, कर्नल निदान ४.११ हवा, त्याआधीच्यात एसएमबीचं एन्क्रिप्शन नाही; ३.१.१ साठी ४.१७ किंवा पुढचा हवा.

क्रेडेन्शियल्सची (नाव-पासवर्डची) फाइल विंडोजच्या नोटपॅडमध्ये बनवली असेल तर दर ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न हे एक अदृश्य चिन्ह राहतं, ते पासवर्डचा भाग धरलं जातं आणि लॉगऑन फेल्युअर येतो. ते काढायला 'डॉसटूयुनिक्स' चालवा. '=' या चिन्हाच्या आजूबाजूला जागा सोडू नका. फाइलची मालकी रूटची, परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी). पासवर्डात स्वल्पविराम असेल तर तो कमांडमध्ये लिहूच नका, पर्याय तिथेच तुटतात, फाइलमध्ये चालतो.

एररचा आकडा बदलला तर: ११२ बहुधा आवृत्ती जुळत नसल्याचा, 'होस्ट इज डाउन' या शब्दांवर जाऊ नका. ११५ आला तर टीसीपी ४४५ (एसएमबीचा पोर्ट) बहुधा अडलाय, व्हीपीएनचे फायरवॉल नियम बघा. २ आला तर आधी शेअरचं नाव तपासा. ते बरोबर असेल आणि लॉगमध्ये 'सीमॅक' (सही करायचा क्रिप्टो अल्गोरिदम) मिळाला नाही असं दिसत असेल, तर कर्नलचं क्रिप्टो मॉड्यूल बहुधा गायब आहे. क्लाउडवरच्या उबुंटूत 'लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा' पॅकेज टाकलं की 'सिफ्स' (लिनक्सवर एसएमबी शेअर माउंट करणारं मॉड्यूल) आणि सोबतची बरीच मॉड्यूल्स येतात.

माउंट झाल्यावर प्रॉक-एफएस-सिफ्समधली (/proc/fs/cifs) 'डीबगडेटा' फाइल वाचा. तुमच्या शेअरसमोर 'एन्क्रिप्टेड' दिसायला हवं.