समितीच्या नावांवर सभागृहात वाद झाला, तर ज्येष्ठ खासदाराच्या बोलण्यानं काही बदलतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: संसदीय समितीवर कुणाला घ्यायचं हे शेवटी पक्षाचे प्रतोदच ठरवतात, मग एखादा मुरलेला खासदार त्याविरुद्ध उभा राहिला तर उपयोग काय?

उपयोग होतो. मात्र त्यासाठी नावांची यादी सभागृहापुढे मतदानाला यायला हवी. ती तशी येत नसेल, तर खासदार कितीही ज्येष्ठ असला तरी त्याला बोलायला जागाच राहत नाही. मी राज्यशास्त्र शिकवते आणि हा विषय निघाला की ब्रिटनच्या हाऊस ऑफ कॉमन्समधला १६ जुलै २००१ चा दिवस हटकून सांगते. इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

जून २००१ मध्ये टोनी ब्लेअर यांचा मजूर पक्ष प्रचंड बहुमतानं पुन्हा निवडून आला. मंत्रालयांवर देखरेख ठेवणाऱ्या समित्या (कॉमन्समध्ये आजच्या स्वरूपात त्या १९७९ पासून आहेत) नव्यानं बनवायच्या होत्या. त्या वेळी समितीचा अध्यक्ष सभागृह थेट निवडत नसे, समितीचे सदस्य आपल्यातूनच तो निवडत. त्यामुळे एखादा अध्यक्ष नकोसा झाला, तर त्याला हटवायचा ठराव आणावाच लागत नसे. सदस्यांच्या यादीत त्याचं नाव घातलं नाही की झालं. ही यादी कागदोपत्री एक वेगळी समिती तयार करायची, पण नावं जायची प्रतोदांकडून.

त्या यादीतून दोन नावं गळली. पहिलं ग्वेनेथ डनवुडी यांचं. त्या वाहतूक उपसमितीच्या अध्यक्ष होत्या आणि पक्षाच्या हाडाच्या कार्यकर्त्या. त्यांचे वडील मॉर्गन फिलिप्स मजूर पक्षाचे सरचिटणीस होते आणि त्या स्वतः १९६६ मध्ये पहिल्यांदा निवडून आल्या होत्या. पण विमान वाहतूक नियंत्रण सेवेचं अंशतः खासगीकरण असो की लंडनच्या भुयारी रेल्वेत खासगी भांडवल आणायची योजना, आपल्याच सरकारला त्यांनी सोडलं नव्हतं. दुसरं नाव डोनाल्ड अँडरसन यांचं. त्यांच्या परराष्ट्र व्यवहार समितीनं पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनला गेलेल्या शस्त्रांच्या प्रकरणात परराष्ट्र खात्यावर कडक ताशेरे ओढले होते.

नावं गळण्यामागचं कारण कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती, आणि खासदार भडकले ते त्यामुळेच. ज्या मंत्र्यांची झडती घ्यायची, त्यांच्याच पक्षाचे प्रतोद झडती घेणारे निवडणार असतील तर समिती हवीच कशाला? हा मुद्दा काही नवा नव्हता. सगळ्या समित्यांचे अध्यक्ष मिळून जी लिएझन कमिटी बनते, तिनं मार्च २००० च्या अहवालात हेच मांडून प्रतोदांचा हात काढून घ्यायला सांगितलं होतं. सरकारनं तेव्हा ते मानलं नाही. पण वर्षभरानं त्याच तक्रारीला दोन चेहरे मिळाले, तेही सगळ्या सभागृहाला ओळखीचे. ज्येष्ठत्वाचा पहिला उपयोग मला इथे दिसतो. तत्त्व म्हणून जे अहवालात पडून राहिलं होतं, ते 'डनवुडींना काढताय?' या प्रश्नानं सगळ्यांना एका क्षणात समजलं.

१६ जुलैला प्रत्येक समितीची यादी स्वतंत्र ठराव म्हणून मतदानाला आली. या दोन याद्यांत ज्यांची नावं होती त्यांच्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं, तरी सभागृहानं दोन्ही याद्या फेटाळल्या: वाहतुकीची ३०८ विरुद्ध २२१ मतांनी आणि परराष्ट्र व्यवहारची ३०१ विरुद्ध २३२ मतांनी. विरोधकांच्या बळावर हे शक्यच नव्हतं, सत्ताधारी पक्षाच्या शंभराहून अधिक खासदारांनी विरोधात मत दिलं. काही दिवसांत नव्या याद्या आल्या, दोघंही परतले आणि पुन्हा अध्यक्ष झाले.

या गोष्टीत आणखी एका ज्येष्ठाचा वाटा आहे आणि तो बरेचदा विसरला जातो. सभागृह नेते होते रॉबिन कुक. महिन्याभरापूर्वीपर्यंत ते परराष्ट्रमंत्री होते, म्हणजे अँडरसन यांच्या समितीनं ज्या खात्यावर ताशेरे ओढले ते खातं त्यांचंच. तरीही या मतदानाला सरकारनं पक्षादेश लावला नाही, खासदारांना मोकळं सोडलं, आणि हा सभागृहाचा विषय आहे ही भूमिका कुक यांनी निभावली. पुढे २००२ मध्ये त्यांनी नेमणुका प्रतोदांच्या हातून काढून घ्यायचा प्रस्ताव आणला, तो थोडक्या मतांनी पडला. मला कुक यांच्याबद्दल मनापासून आदर वाटतो तो यासाठी.

खरा बदल व्हायला २०१० साल उजाडलं. खासदारांच्या भत्त्यांच्या घोटाळ्यानं संसदेची पत गेली होती, तेव्हा संसदीय सुधारणांसाठी नेमलेल्या, खासदार टोनी राइट यांच्या समितीनं सुचवल्याप्रमाणे बहुतेक समित्यांचे अध्यक्ष संपूर्ण सभागृहानं गुप्त मतदानानं निवडायची पद्धत सुरू झाली. सदस्य आपापल्या पक्षात निवडणूक घेऊन ठरू लागले.

पण गुप्तचर खात्यांवर लक्ष ठेवणारी समिती या पद्धतीबाहेर राहिली. तिथे नावं पंतप्रधान सुचवतात. जुलै २०२० मध्ये सरकारला तिथे माजी मंत्री ख्रिस ग्रेलिंग अध्यक्ष हवे होते. सत्ताधारी हुजूर पक्षाचेच ज्युलियन लुईस, १९९७ पासूनचे खासदार आणि संरक्षण समितीचे माजी अध्यक्ष, विरोधी सदस्यांच्या चार मतांत स्वतःचं एक मिळवून पाच विरुद्ध चारनं अध्यक्ष झाले. पक्षानं त्याच दिवशी त्यांना संसदीय पक्षातून काढलं. पण खासदारकी शाबूत राहिली, अध्यक्षपद राहिलं, आणि ब्रिटनमधल्या रशियाच्या हस्तक्षेपाबद्दलचा रखडलेला अहवाल आठवड्याभरात बाहेर आला. वर्षअखेरीस पक्षानं त्यांना परत घेतलं.

आता आपल्याकडे या. विभागांशी संलग्न २४ स्थायी समित्या, प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० खासदार. त्यांची नियुक्ती लोकसभेचे अध्यक्ष आणि राज्यसभेचे सभापती करतात, पक्षांनी पाठवलेल्या नावांतून, एका वर्षासाठी. सभागृहात यादीवर चर्चा नाही, मतदान नाही. सरकारी खर्चाची तपासणी करणाऱ्या लोकलेखा समितीची रीतसर निवडणूक असते, पण जागा तितकीच नावं आधीच ठरलेली असतात, त्यामुळे ती बहुधा बिनविरोध होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये माहिती तंत्रज्ञानाच्या समितीचं अध्यक्षपद काँग्रेसच्या शशी थरूर यांच्याकडून सत्ताधारी बाजूच्या, बुलढाण्याच्या प्रतापराव जाधव यांच्याकडे गेलं. गृह, आरोग्य अशा इतर महत्त्वाच्या समित्यांचीही अध्यक्षपदं तेव्हा विरोधकांकडे उरली नाहीत. बातम्या झाल्या, निषेध झाला. पण ज्यावर उभं राहून 'मला ही यादी मान्य नाही' म्हणता येईल असा ठरावच सभागृहापुढे नव्हता.

आणि समजा उद्या असा ठराव आणला, तरी १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याचं काय करणार? पक्षादेश मोडून मत दिलं तर आपल्या खासदाराची जागाच जाऊ शकते. लुईस यांना पक्षाबाहेर बसावं लागलं, आपल्याकडे घरीच बसावं लागेल. म्हणून केवळ 'ठराव आणा' अशी मागणी मला अपुरी वाटते. समिती-अध्यक्षांची निवड गुप्त मतदानानं व्हावी आणि समितीची मुदत एका वर्षाऐवजी लोकसभेच्या मुदतीइतकी असावी, या दोन गोष्टी बरोबरीनं हव्यात. दरवर्षी यादी नव्यानं बनत असेल, तर पुढच्या वर्षी आपलं नाव तिच्यात असेल की नाही हे डोक्यात ठेवूनच खासदार मंत्रालयाच्या सचिवाला प्रश्न विचारणार.