ब्रादेस्को बँक मोठी झाली ती महागाईमुळेच ना?

प्रश्न असा आहे: ब्राझीलमधल्या एका आडगावी सुरू झालेली ब्रादेस्को देशातली सर्वांत मोठी खासगी बँक कशी झाली, आणि त्याचं खरं कारण तिथली महागाईच ना?

हा शेवटचा ‘ना’ वाचला आणि राहवलं नाही. माझे धाकटे दीर पुण्यात सीए आहेत. दर दिवाळीला फराळाच्या ताटावर ते मला हेच ऐकवतात: “वहिनी, ती बँक महागाईवर फुगली, बाकी सगळ्या गोष्टी.” मी काही अर्थशास्त्र शिकलेली नाही. पण ब्रादेस्कोचं मुख्यालय ज्या गावात आहे त्या ओझास्कूत, साओ पावलोच्या अगदी शेजारी, आम्ही यजमानांच्या नोकरीमुळे सहा वर्षं काढली. तिथे जे पाहिलं ते आधी सांगते.

२००६ साल असेल. हे कामासाठी बाहेरगावी गेलेले आणि वीजबिलाची शेवटची तारीख आलेली. मला पोर्तुगीज येत होतं ते भाजी घेण्यापुरतं. घराजवळच्या एका बँकेत गेले (नाव सांगत नाही, ब्रादेस्को नव्हे). ब्राझीलमध्ये बँकेचं दार गोल फिरणारं असतं आणि अंगावर, पिशवीत धातू असला की ते मध्येच अडकतं. माझ्या पिशवीत किल्ल्यांचा जुडगा होता, छत्री होती, लेकीचा स्टीलचा डबा होता. मी काचेत अडकलेली, मागे रांग. पहारेकऱ्याने एकेक वस्तू बाजूच्या पारदर्शक खणात ठेवायला लावली. डब्याचं झाकण उघडून दाखवलं तेव्हा आत पोळीभाजी. एवढं करून खिडकीशी पोचले, तर आतल्या माणसाने बिल परत सरकवलं, भराभर काहीतरी बोलला आणि पुढच्याला बोलावलं. मी पुन्हा विचारलं, तर त्याने मान वर केली नाही. घरी येऊन रडले, आणि चार दिवस कुणाला सांगितलंही नाही.

सांगितलं ते शेजारच्या आजोबांना. ते म्हणाले, चल माझ्याबरोबर, आणि मला ब्रादेस्कोच्या शाखेत घेऊन गेले. दार तसलंच होतं. पण आत शिरताच ‘मी मदत करू का?’ असं लिहिलेलं जाकीट घातलेली एक मुलगी पुढे आली, तिने मला खुर्ची दिली आणि बिलावरच्या प्रत्येक आकड्याखाली बोट ठेवून तो कशाचा ते सांगितलं. उशिराचा दंड किती, तेही.

परतताना आजोबा बोलते झाले. पन्नासच्या दशकात ते स्वतः ब्रादेस्कोत कारकून होते, पाराना राज्याच्या उत्तरेला, कॉफीच्या मुलखात. तिथली माती लाल. शेतकरी शाखेत आला की फरशीवर लाल पावलं उमटायची. तो दारातच थबकायचा, कारण बँक ही आपल्यासारख्यांची जागा नव्हे असंच त्याला वाटायचं. म्हणून मॅनेजरचं टेबल आतल्या बंद खोलीत नसे, दर्शनी भागात, दाराजवळ असे. येणाऱ्याला पहिला दिसायचा तो मॅनेजर. आणि कारकुनाचं काम काय, तर शेजारी उभं राहून चेक लिहायला शिकवायचं: रक्कम अक्षरात कशी लिहायची, उरलेल्या जागेत रेघ कशी ओढायची. आजोबांनी हे चालता चालता हवेत बोटाने लिहून दाखवलं.

ही रीत आमादोर आगियार यांची, ज्यांनी ही बँक उभी केली. बँक सुरू झाली १९४३ साली, साओ पावलो राज्यातल्या मारीलिया गावी, एका छोट्या पेढीतून. आगियार खेड्यातले, शाळा अर्धवट सुटलेली. छापखान्यात काम करताना यंत्रात एक बोट गेलं, मग दुसऱ्या एका बँकेत शिपाई म्हणून लागले आणि तिथून चढत गेले. बड्या जमीनदारांमागे धावण्यापेक्षा छोटे दुकानदार, सरकारी नोकर, शेतकरी यांची खाती उघडायची, हे त्यांचं धोरण. १९४६ ला मुख्य कचेरी साओ पावलो शहरात आली. त्याच सुमाराला शाखांमधून वीजबिलं घ्यायला सुरुवात झाली, जे त्या देशात तेव्हा नवीन होतं. माझ्या बिलामुळे हे माझ्या चांगलं लक्षात राहिलंय! १९५१ साली ही देशातली सर्वांत मोठी खासगी बँक झाली होती. ओझास्कूतलं मुख्यालय, ‘देवाचं नगर’ म्हणतात ते, १९५३ ला बांधायला घेतलं. १९६२ मध्येच संगणक आणला. पुढचं तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल.

आता महागाई. भाऊजींचं म्हणणं अगदीच चूक नाही. १९९३ मध्ये ब्राझीलमध्ये वर्षाला जवळजवळ अडीच हजार टक्के महागाई होती. खात्यात नुसत्या पडलेल्या पैशांवर बँकेला व्याज द्यावं लागत नसे, आणि ते तिने एक दिवस जरी बाहेर चढ्या व्याजाने लावले तरी कमाई व्हायची. पण ती सगळ्याच बँकांची व्हायची. १९९४ च्या जुलैत रेआल हे नवं चलन आलं, महागाई उतरली, आणि खरी परीक्षा तेव्हा झाली. इकोनोमिको आणि नासिओनाल या बँका १९९५ मध्ये बुडाल्या, बामेरिंदुस १९९७ मध्ये. बामेरिंदुस एचएसबीसीने घेतली आणि एचएसबीसीचा ब्राझीलमधला सगळा धंदा ब्रादेस्कोने २०१५ मध्ये ५२० कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं. महागाईवर फुगलेल्यांचं काय झालं ते या साखळीतच दिसतं.

एक-दोन गोष्टी मात्र सांगायला हव्यात. ब्राझीलमधल्या लष्करी राजवटीत (१९६४ ते १९८५) बँकांच्या विलीनीकरणाला सरकारचंच प्रोत्साहन होतं आणि ब्रादेस्कोने त्या काळात बऱ्याच लहान बँका गिळल्या. तिथले कर्जाचे, विशेषतः क्रेडिट कार्डाचे, व्याजदर माणसाला बुडवणारे आहेत, त्यात ही बँकही आली. आणि सर्वांत मोठी खासगी बँक हा मान आता तिच्याकडे नाही. २००८ मध्ये इताऊ आणि उनिबांको या दोन बँका एक झाल्या आणि पुढे गेल्या.

तरी तुम्हाला कुणी ‘महागाईमुळेच’ असं सांगितलं, तर एवढंच विचारा: मग १९५१ साली, नव्वदीतली ती महागाई यायला चाळीस वर्षं असताना, ती पहिल्या नंबरवर कशी होती? भाऊजींना मी हे गेल्या दिवाळीला विचारलं. त्यांनी चकलीचा डबा पुढे ओढला आणि विषय बदलला.