वाचकांचे प्रश्न : डोंगरावरचे देव आणि वाटेवरची माणसं

आषाढ उतरणीला लागला की आमच्याकडे नागद्वारीची, म्हणजे मध्य प्रदेशात पचमढीच्या जंगलात होणाऱ्या नागदेवाच्या यात्रेची, पत्रं वाढतात. यंदा त्यांच्या जोडीला रामटेक, डोंगरगड, गिरड आणि पचमढीजवळच्या चौरागडचेही प्रश्न आले. त्यातले सहा निवडले आहेत.

नागद्वारीला पहिल्यांदाच जातोय. सोबत ५६ वर्षांची आई आहे, तिला शुगर आहे. शेजारी म्हणतात, हात हलवत जा, वाटेत सगळं मिळतं. खरं का? (मानेवाडा)

जेवण मिळतं, हे अगदी खरं. नागपूर आणि विदर्भातली मंडळं वर्षानुवर्षं पचमढीत आणि जंगलातल्या वाटेवर तंबू ठोकून भंडारे चालवतात. भर पावसात गरम खिचडी आणि चहा हातात देणारी ही माणसं नसती, तर ही यात्रा अर्ध्या लोकांना झेपली नसती. पण कोरडे कपडे, तुमच्या मापाचा बूट आणि आईच्या गोळ्या कोणत्याही तंबूत मिळत नाहीत. ते तुम्हालाच न्यावं लागेल.

आधी यात्रेचं गणित समजून घ्या. हा सगळा भाग सातपुडा व्याघ्र प्रकल्पात येतो, म्हणून वाट वर्षातून एकदाच, नागपंचमीच्या आधीचे आठ-दहा दिवस उघडते. नागपंचमी जसजशी जवळ येते तशी गर्दी वाढते, आणि अरुंद जागी, लोखंडी शिड्यांपाशी रांग तुंबते. आईसोबत असाल तर सुरुवातीचे दिवस धरा. सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया, मटकुली या रस्त्याने पचमढी नागपूरहून अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे. तामियानंतर घाट लागतो. रात्रभर गाडीत बसून पहाटे तसंच चालायला निघणं ही पहिल्या खेपेची नेहमीची चूक. झोप नसलेले पाय ओल्या दगडावर आधी दगा देतात. एक रात्र पचमढीत पाठ टेकवा, मग निघा.

पायात खोल खाचांचा, आधीपासून वापरात असलेला बूट हवा. नवा बूट ओल्या मोज्यात घासून दोन तासांत फोड आणतो. टाच लाल होऊन चुरचुरायला लागली की तिथेच थांबून कागदी चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर लावलेली पट्टी फारशी कामाची नसते. जीन्स नको. ती भिजली की जड होते, मांड्या घासते आणि दिवसभर वाळत नाही. पातळ ट्रॅकपँट घाला, एक जोड कपडे आणि दोन जोड मोजे जाड प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवा. छत्री घरी ठेवा, कारण शिडीवर दोन्ही हात मोकळे लागतात. रेनकोट घ्या. बॅटरी माणशी एक. डोक्याला बांधायची असेल तर उत्तम.

आता आईबद्दल. दिवसभराच्या चालण्याने साखर खाली येते, आणि गोळी किंवा इन्सुलिन रोजच्याइतकंच घेतलं तर ती फार खाली येऊ शकते. चालण्याच्या दिवशी किती घ्यायचं, हे जाण्याआधी डॉक्टरांनाच विचारा. हातपाय थरथरणं, थंड घाम, चिडचिड, बोलण्यात गोंधळ ही खूण दिसली की लगेच ग्लुकोज किंवा साखरेचं पाणी द्या, पंधरा मिनिटं बसवा, मग काहीतरी खाऊ घाला. हे सामान आईच्या स्वतःच्या खिशात असू द्या. मुलगा पुढे निघून गेला आणि साखर त्याच्या पिशवीत राहिली, असं गर्दीत सहज होतं. औषधांचे दोन संच करा, एक तिच्याकडे, एक तुमच्याकडे.

पाणी एकदम ढसाढसा पिऊ नका, दर अर्ध्या तासाला चार घोट घ्या. शुगर नसलेल्यांनी ओआरएसची पुडी ठेवावी. ती संपली तर एक लिटर उकळलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ अंदाजाने वाढवायचं नाही.

नाल्याचं पाणी गढूळ होऊन चढायला लागलं तर पार करू नका. वर पाऊस थांबला की ते बहुतेक वेळा काही वेळात ओसरतं. विजा चमकत असतील तर एकट्या झाडाखाली आणि लोखंडी शिडीजवळ थांबायचं नाही. मोबाइलला रेंज मिळेल असं धरून चालू नका. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं हे प्रत्येक पडावावर ठरवा, आणि घरचा नंबर कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवा. चुकलेल्याने वाट सोडून शोधत फिरू नये. जवळच्या भंडाऱ्यावर जाऊन बसावं आणि तिथल्या भाऊंना सांगावं. एका तंबूतून दुसऱ्या तंबूत निरोप फार लवकर पोचतो.

भंडाऱ्यात जेवलो, पैसे देऊ लागलो तर सेवा करणाऱ्या दादांनी हात जोडले. एका आजींनी रात्री घराच्या ओसरीवर निजू दिलं, त्यांनीही काही घेतलं नाही. उपकार कसे फेडायचे? (पाचपावली)

यात्रेच्या वाटेवर दोन प्रकारची मदत मिळते, आणि त्यांची गल्लत झाली की माणसं दुखावतात. एक सेवा, दुसरी मजुरी.

भंडाऱ्यात वाढणारा सेवा करतो. त्याचा नवस असेल, वडिलांपासून चालत आलेला नेम असेल. त्याच्या हातात शंभराची नोट कोंबणं त्याला लागतं. द्यायचं असेल तर मंडळाला द्या, पावती घेऊन. त्याहून बरं, यात्रेच्या दोन-तीन आठवडे आधी मंडळाला विचारा की काय कमी पडतंय. तांदूळ, डाळ बरेच जण देतात. पत्रावळी, चहापत्ती, तेलाचा डबा, भांडी घासायचं साहित्य राहून जातं. आणि खरी चणचण हातांची असते. जेवण झाल्यावर अर्धा तास कांदे चिरा, पाणी भरा, पंगत उचला. एवढं केलेल्या माणसाला मंडळवाले पुढच्या वर्षी ओळखतात. जेवताना लागेल तेवढंच घ्या. ते अन्न डोक्यावर आणि पाठीवर वाहून डोंगरात आलेलं असतं, पानात टाकलेला भात म्हणजे कुणाच्या तरी खांद्याचा घाम. जेवणाच्या तंबूत पथारी पसरू नका, मागची पंगत पावसात उभी असते.

तुमचं ओझं उचलणारा, डोली वाहणारा, गाडी राखणारा मात्र मजुरी करतो. भाव चढण्याआधी ठरवा, कुठून कुठपर्यंत आणि थांबण्याचा वेळ किती हे स्पष्ट बोला, आणि ठरलेलं पूर्ण द्या. वर गेल्यावर "देवाच्या कामात कसला हिशेब" म्हणून पैसे कापणं हे पाप आहे, दुसरा शब्द नाही. पचमढीच्या परिसरातले गोंड आणि कोरकू बांधव वाटेवर जे काही विकायला बसतात, त्यात घासाघीस करू नका.

त्या आजींसाठी : फोटो काढला असेल तर छापून टपालाने किंवा जाणाऱ्याच्या हाती पाठवा. पुढच्या वेळी जाल तेव्हा घरचं काही घेऊन जा, संत्र्याची बर्फी, तिळाचे लाडू, लुगडं. पाहुण्याने आणलेलं त्या घेतील.

वडील ७२ वर्षांचे, गुडघे दुखतात, पण रामटेकला पायऱ्यांनीच जायचा हट्ट आहे. काय करावं? माकडांचीही भीती वाटते. (कामठी)

पायऱ्यांनी चढू द्या, गाडीने उतरवा. हट्टही राहतो आणि गुडघेही. चढताना छाती भरते, पण गुडघ्यावर जास्त भार उतरताना येतो. प्रत्येक पायरीला शरीराचं वजन अडवायचं काम मांडीचे स्नायू ताणलेल्या अवस्थेत करतात. ते थकले की पाय लटपटतात, आणि बहुतेक पडझड उतरतानाच होते. पायथ्याच्या अंबाळा तलावाकडून दगडी पायऱ्यांची जुनी वाट आहे. दुसरीकडून गाडी मंदिराच्या बरीच जवळ जाते. गाडीचालकाला आधीच वर पाठवून ठेवा. तरीही थोड्या पायऱ्या उतराव्याच लागतील. त्या तिरपं होऊन, एका वेळी एक, आणि काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरून उतराव्यात. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

सकाळी सातच्या आत सुरुवात करा. उन्हाळ्यात दहानंतर दगड तापतो आणि मंदिराच्या आवारात अनवाणी चालणं कठीण होतं, तेव्हा जाड मोजे सोबत ठेवा. वराहाच्या मोठ्या मूर्तीखालून सरपटत जाण्याची रीत आहे. वडिलांनी नुसता नमस्कार करावा. वाकून, गुडघ्यावर रांगत जाणं त्यांच्यासाठी नाही. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली तर "दर्शन घेऊनच उतरू" म्हणायचं नाही. तिथेच बसवा आणि ११२ ला फोन लावा.

माकडं माणसापेक्षा पिशवीच्या मागे असतात. प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज म्हणजे खाणं, हे ती शिकलेली आहेत. प्रसाद कापडी पिशवीत, पिशवी बंद झोळ्यात. हिसकलंच तर सोडून द्या, ओढाताणीत चावा बसतो. चावलं किंवा ओरखडलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. हळद, चुना काही भरायचं नाही.

मी ३४ वर्षांची, नवरात्रात एकटीने रेल्वेने डोंगरगडला जायचं मनात आहे. अनोळखी लोकांवर किती विश्वास ठेवावा? (धरमपेठ)

जा, जरूर जा. डोंगरगड हावड्याच्या मुख्य मार्गावर, गोंदियाच्या पुढे आहे. नवरात्रात डबा तुमच्यासारख्याच, डोंगरगडच्या बमलेश्वरी देवीच्या भाविकांनी भरलेला असतो. डोंगरावरच्या मंदिराला हजाराहून अधिक पायऱ्या आहेत, रोपवेही आहे. नवरात्रात रोपवेची रांग इतकी लांबते की धडधाकट माणूस पायी आधी पोचतो.

विश्वासाचं म्हणाल तर माणसाच्या चेहऱ्यावरून पारख करू नका, मदतीच्या रीतीवरून करा. मनापासून मदत करणारा तुम्हाला घाई करत नाही, गर्दीतून बाजूला नेत नाही, तुमची पिशवी स्वतःहून उचलत नाही आणि नकार दिला तर रागावत नाही. "इकडून जवळची वाट आहे" हे एकट्या माणसाने सांगितलं तर ऐकायचं नाही, भले तो खरं बोलत असो. वाट विचारायची तर दुकानात बसलेल्याला किंवा लेकरं घेऊन आलेल्या बाईला विचारा, आणि "देवळात कसं जायचं?" असं विचारा. "हीच वाट ना?" म्हटलं की समोरचा भिडेखातर हो म्हणतो. खाण्याचा नियम सोपा आहे. सगळ्यांना एकाच पातेल्यातून वाढतात ते खुशाल खा. तुमच्या एकटीसाठी उघडलेली बाटली किंवा पुडा हसून नाकारा, आज उपास आहे म्हणा, नवरात्रात कुणी वाईट मानत नाही.

एखाद्या कुटुंबासोबत चढायला मिळालं तर सोबत धरा. "ताई, मी एकटी आहे, तुमच्यासोबत चालू का?" असं सरळ विचारलं तर बायका सहसा नाही म्हणत नाहीत. मात्र मुक्काम कुठे, परतीची गाडी कोणती, हे त्यांनाही सांगायची गरज नाही. ते घरी एकाला कळवून ठेवा. परतीचं तिकीट दिवसाउजेडी नागपूरला पोचेल असं काढा. गाडीत त्रास झाला तर रेल्वेच्या १३९ ला फोन लावा.

गिरडच्या दर्ग्यावर आम्ही हिंदू कुटुंब गेलो तर चालेल का? काय पाळावं? (उमरेड)

समुद्रपूर तालुक्यातल्या या टेकडीवर शेख फरीद बाबांच्या दर्शनाला हिंदू-मुसलमान दोघंही पिढ्यान्‌पिढ्या जातात, विचारण्यासारखं काही नाही. डोकं रुमालाने किंवा पदराने झाकावं, चपला बाहेर, मजारीकडे पाठ करून बसू नये. व्यापाऱ्याच्या मालाचे दगड झाले, अशी जी कथा सांगतात, ते सुपारी-जायफळासारखे गोल दगड टेकडीवर दिसतात. बघा, हातात घ्या, आणि तिथेच ठेवा.

महाशिवरात्रीला चौरागडावर नवसाचा त्रिशूळ न्यायचा आहे. किती वजनाचा झेपेल? (सक्करदरा)

सवय नसेल तर स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिस्स्याच्या वर जाऊ नका. साठ किलोच्या माणसाला सहा किलो. महादेव गुहेपासून पुढे डोंगराची वाट आणि तेराशेच्या आसपास पायऱ्या आहेत, आणि लोखंड पहिल्या शंभर पायऱ्यांत जेवढं वाटतं त्याच्या दुप्पट शेवटी वाटतं. खांद्यावर चौपदरी घडी केलेलं धोतर किंवा टॉवेल ठेवा, दर पन्नास पायऱ्यांनी खांदा बदला. टोकांना गोणपाट घट्ट गुंडाळून सुतळीने बांधा आणि ते वर गेल्यावरच सोडा. रांगेत त्रिशूळ आडवा धरू नका, मागे वळताना दुसऱ्याच्या डोळ्याला लागतो. टोकं वर, दांडा अंगालगत. मोठा त्रिशूळ असेल तर बांबूला बांधून चौघांनी न्यावा, आणि चौघं सारख्या उंचीचे निवडा, नाहीतर भार सगळ्यांवर सारखा येत नाही.