मोटर पंखावर चढवली की थ्रॉटलला नाक खाली का जातं?

प्रश्न थोडक्यात असा: रिमोटने उडवायचं मॉडेल विमान, 900 ग्रॅमचं. खडकाळ माळावर पोटावर उतरताना प्रोपेलर तुटतात म्हणून मोटर नाकावरून काढून पंखावर पायलनवर (उभ्या आधारावर) बसवली, प्रोपेलर मागच्या बाजूला. आता थ्रॉटल दिला (मोटरचा जोर वाढवला) की नाक खाली, बंद केला की उसळी. सीजी (गुरुत्वमध्य) मात्र पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या 30 टक्क्यांवर बरोबर येतो.

मोटरचं वजन कुठे आहे आणि तिचा जोर कोणत्या रेषेत लागतो, हे दोन वेगळे हिशेब आहेत.

वजनाचा हिशेब सोपा. 60 ग्रॅमची मोटर 25 सेंमी मागे गेली, म्हणजे 1500 ग्रॅम-सेंमी. भागिले 900, सीजी सुमारे 1.7 सेंमी मागे. तुमच्या 18 सेंमी रुंदीच्या पंखावर हे 9 टक्के, म्हणजे 30 वरून 39. एवढं उलाळ (मागे जड) विमान सांभाळणं कठीण. 180 ग्रॅमची बॅटरी 8.3 सेंमी पुढे सरकवली की भरपाई होते, नाकात शिसं भरायची गरज नाही. तुम्ही बॅटरी सरकवलेलीच दिसतेय. खात्रीसाठी मोटर बंद ठेवून विमान गवतावर हातातून सरळ सोडा. नीट तरंगत गेलं तर सीजीला पुन्हा हात लावू नका.

खरी अडचण जोराच्या रेषेची आहे. ती सीजीच्या 8 सेंमी वरून जाते. 700 ग्रॅम जोर गुणिले 8, म्हणजे 5600 ग्रॅम-सेंमीचा नाक दाबणारा पीळ. शेपटी सीजीपासून 50 सेंमीवर असेल, तर तिला 112 ग्रॅम खाली दाबावं लागतं. आणि इथेच बहुतेक जण फसतात: मोटरचा पीळ कमी वेगातही जवळपास तेवढाच राहतो, पण शेपटीची ताकद वेगाच्या वर्गाने बदलते. वेग निम्मा झाला की ताकद पाव. म्हणून वर छान उडणारं विमान हातातून फेकताना पूर्ण थ्रॉटलवर जमिनीत घुसतं. फेकताना 60-65 टक्केच द्या, वेग आला की वाढवा.

‘डाउनथ्रस्ट द्या’ (मोटरचं तोंड किंचित खाली झुकवा) हा सल्ला नाकावरच्या मोटरसाठी आहे. तुमच्याकडे मोटर सीजीच्या वर आणि मागे असल्याने प्रोपेलरची बाजू किंचित वर उचलावी लागेल. मोटर बसवायच्या 25 मिमी अंतरावरच्या भोकांपैकी एका बाजूला 1 मिमीचा वॉशर घातला की सुमारे 2.3 अंश मिळतात. पण मोटर सीजीच्या फक्त 5 सेंमी मागे असेल, तर 5 अंशांनीही 300 ग्रॅम-सेंमीच सुटतात. त्यापेक्षा पायलन बुटका करा. 6 इंचीऐवजी 5 इंची प्रोपेलर लावला तर मोटर सव्वा सेंमी खाली बसते. जोर थोडा घटेल, पण ते परवडतं. उरलेलं ट्रान्समीटरमध्ये थ्रॉटल-एलिव्हेटर मिक्स (थ्रॉटलबरोबर एलिव्हेटर, म्हणजे शेपटीची हलती पट्टी, आपोआप वर उचलणारी सेटिंग) लावून काढा. 5 टक्क्यांपासून सुरुवात, उंचीवर, एकेक टक्का वाढवत. मिक्स जास्त झालं तर थ्रॉटल देताच विमान वर उठून स्टॉल होईल, म्हणजे पंखांची उचल तुटेल.

मोठ्या विमानांत इंजिन पंखाखाली असलं की हेच उलटं होतं. 2007 मध्ये इंग्लंडमधल्या बोर्नमथला एका बोइंग 737-300 ने उतरणं रद्द करून पूर्ण जोर दिला. वेग आधीच घसरलेला, ट्रिम (शेपटीची आधी लावून ठेवलेली स्थिती) नाक वर करणारी. एलिव्हेटर पूर्ण खाली दाबूनही नाक 44 अंशांपर्यंत गेलं. जोर कमी केल्यावरच ते खाली आलं. इंजिनं शेपटीजवळ असली तर पीळ कमी, पण वजन मागे. इल्युशिन-62 रिकामं उभं असताना मागे बसू नये म्हणून त्याच्या शेपटीखाली वेगळा पाय आहे. आणि सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरच्या एटीआरचं (पंखावर इंजिनं असलेल्या प्रोपेलरच्या प्रवासी विमानाचं) उदाहरण देऊ नका: तिथे पंख, इंधन, इंजिनं सगळंच वर असल्याने सीजीही वर सरकतो.

पायलन हॉट ग्लूने चिकटवू नका. सोलापूरच्या मे महिन्यात बंद गाडीत तो मऊ पडतो आणि कोन बदलतो. 3 मिमी प्लायवूड, इपॉक्सी, शिवाय दोन स्क्रू. चाचणी विमानतळाच्या हद्दीपासून 8 किमीच्या बाहेर घ्या. त्याच्या आत परवानगी लागते.