तेल काढताना अमोनिया का उसळतो?

वाचकांचे प्रश्न : मांसप्रक्रिया कारखान्यातली रसायनं

प्रश्न : आमचा गोठवलेल्या मांसाचा कारखाना आहे, गारवा अमोनियावर चालतो. प्लेट फ्रीझरच्या लो-प्रेशर रिसीव्हरखालच्या (गार द्रव अमोनियाच्या टाकीखालच्या) पॉटमधून, म्हणजे तेल साचण्याच्या भांड्यातून, दर आठवड्याला तेल काढतो. दोनदा तेल संपतासंपता एकदम अमोनिया उसळला. व्हॉल्व्ह बदलला, तरी तेच. चूक कुठे होतेय?

उत्तर : व्हॉल्व्हचा दोष नसावा, घाई होत असावी. कंप्रेसरमधलं तेल गॅसबरोबर पुढे वाहत जातं आणि द्रव अमोनियापेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसतं. उणे 35-40 अंशांना ते काकवीसारखं घट्ट होतं. व्हॉल्व्ह थोडा उघडला तर येत नाही, म्हणून माणूस आणखी दोन आटे उघडतो. तेल संपतं, त्याच्यामागे द्रव अमोनिया असतो आणि वाट सताड उघडी! एक लिटर द्रवाचा आठशे लिटरांहून जास्त गॅस होतो.

आधी पॉटमध्ये येणारी द्रवाची लाइन बंद करा. माथ्यावरून सक्शनकडे (गॅस कंप्रेसरकडे परत ओढणाऱ्या लाइनकडे) जाणारी व्हेंट लाइन मात्र उघडीच राहू द्या. पॉटमधला अमोनिया उकळून सक्शनमध्ये निघून जायला काही तास लागतात. रात्रपाळीत लाइन बंद केली तर सकाळी पॉट तयार असतो. पॉटवरचा बर्फ पूर्ण वितळलेला दिसला पाहिजे. खालच्या अर्ध्या भागावर पांढरा थर असेल तर आत अजून द्रव आहे, त्या दिवशी हात लावू नका.

मग व्हेंट बंद करून दाबमापक पाहा. उणे 40 अंशांना अमोनियाचा दाब जेमतेम 0.7 बार, म्हणजे वातावरणाहून कमी. सक्शन इतकं खाली असेल तर तेल बाहेर येणार नाही, उलट हवा आत ओढली जाईल. थोडं थांबा. तेलात मुरलेला अमोनिया दाब वर आणतो. काटा शून्याच्या किंचित वर सरकला की काढायला घ्या. घाईसाठी बंद पॉटवर ब्लोटॉर्च मारण्याची खोड काही ठिकाणी आहे, ती ताबडतोब मोडा. पॉटला स्वतःचा सेफ्टी व्हॉल्व्हही हवाच.

बाहेर जाणाऱ्या पाइपवर दोन व्हॉल्व्ह हवेत : एक साधा स्टॉप व्हॉल्व्ह आणि त्याच्यापुढे हात सोडला की आपोआप मिटणारा स्प्रिंगचा. स्प्रिंगवाल्याची दांडी तारेनं बांधून ठेवलेली आढळली तर कामाला हात लावण्याआधी ती तार कापा. माणसं दोन : एक दांडीवर, दुसरा दाराजवळ. दोघांनाही मास्क आणि हातमोजे. तेल येतंय तोवर कोणीही जागा सोडायची नाही, फोन घ्यायलासुद्धा.

द्रव अमोनियाचं थारोळं जमिनीवर साचलं तर त्यावर पाणी मारू नका. त्याच्या मानानं पाणी गरमच, त्यामुळे द्रव जोरात उकळतो आणि ढग फुगतो. फवारा मारायचा तो हवेतल्या ढगावर.

प्रश्न : अमोनियाचा वास लगेच येतो. मग डिटेक्टर कशाला?

उत्तर : नाकाला 5 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत पाच भाग) आसपास कळतं हे खरं, पण नाक सरावतं आणि रविवारी रात्री कंप्रेसर रूममध्ये नाकच नसतं. आठ तासांच्या कामासाठी मर्यादा 25 पीपीएम आहे, 300 पीपीएमला जिवाला धोका, आणि हवेत सुमारे 15 टक्के झाला की ठिणगीनं पेटतो. म्हणून 25 ला अलार्म आणि 150 ला मोठे पंखे आपोआप सुरू, ही मांडणी चांगली. पंख्याचं बटण दाराबाहेरही हवं.

अमोनिया हवेहून हलका म्हणून सेन्सर छताजवळ लावतात, ते बरोबरच. पण गार द्रवाची गळती धुक्यासारखी जमिनीलगत पसरते. तेव्हा खाली वाकून पळायला सांगू नका, वाऱ्याच्या आडव्या दिशेनं बाहेर काढा. त्यासाठी गच्चीवर वारा दाखवणारी पिशवी असावी. हिरव्या पट्ट्याचा कॅनिस्टर मास्क निसटण्यापुरता. आत किती गॅस आहे हे माहीत नसताना शिरायचं तर पाठीवर हवेची टाकीच हवी.

प्रश्न : वीज जाऊन आली की डीफ्रॉस्ट (गारवा देणाऱ्या कॉइलवरचा बर्फ आतून गरम अमोनिया गॅस सोडून वितळवणं) मध्येच अडकतो. ऑपरेटर सिस्टिम रीसेट करून थेट कूलिंगवर टाकतो. चालेल का?

उत्तर : अजिबात नाही. 23 ऑगस्ट 2010 ला अमेरिकेत अलाबामातल्या थिओडोर इथे, निर्यातीची गोठवलेली कोंबडी ठेवणाऱ्या शीतगृहात नेमकं हेच झालं. वीज गेल्यानंतर अलार्म रीसेट करताना डीफ्रॉस्टचा क्रम तुटला, गरम गॅस कॉइलमध्येच राहिला आणि यंत्रणा सरळ कूलिंगवर गेली. गरम गॅस आणि गार द्रव एकत्र आले, गॅसचा क्षणात द्रव होऊन पोकळी झाली, आणि त्या पोकळीत धावलेल्या द्रवाच्या दणक्यानं छतावरचा 12 इंची सक्शन पाइप फुटला. 32,000 पौंड, म्हणजे साडेचौदा टन अमोनिया सुटला.

डीफ्रॉस्ट अर्धवट राहिला की आधी कॉइलमधला दाब छोट्या ब्लीड व्हॉल्व्हनं हळूहळू सक्शनमध्ये उतरवा, मगच मोठा सक्शन व्हॉल्व्ह उघडा. हा क्रम प्रोग्राममध्येच कुलूपबंद करून घ्या. पासवर्ड सगळ्या पाळीला माहीत असेल तर ते कुलूप नव्हे.

प्रश्न : हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) आणि पेरॅसिटिक ॲसिड (आम्लयुक्त जंतुनाशक) एकाच खोलीत ठेवतो. ड्रम बंद असतात. हरकत आहे?

उत्तर : आहे. आम्लाशी गाठ पडली की हायपोतून क्लोरीन सुटतो. जून 2011 मध्ये अमेरिकेतल्या आर्कान्सामध्ये कोंबडीप्रक्रियेच्या एका कारखान्यात कामगारानं हायपो ज्या ड्रममध्ये ओतलं, त्याच्या तळाशी आम्लयुक्त जंतुनाशक शिल्लक होतं. लेबल इंग्रजीत होतं, त्याला वाचता येत होती स्पॅनिश. शेकडो कामगारांना बाहेर काढावं लागलं.

दोन खोल्या करा. ते जमत नसेल तर मध्ये भिंत आणि दोन वेगळे कट्टे बांधा, म्हणजे सांडलेलं एकमेकांत मिसळणार नाही. नळ्यांची टोकं वेगवेगळ्या मापांची ठेवा, चुकीची जोडताच येऊ नये. पिंपं अदलाबदलीनं भरू नका. आणि लेबल सफाईपाळीच्या भाषेत लावा. ती पाळी ओडिया किंवा बंगाली असेल तर नुसतं मराठी लेबलही अपुरं.

प्रश्न : डोळ्यात अमोनिया गेला तर?

उत्तर : लगेच वाहतं पाणी, पापण्या उघड्या धरून, किमान 15 मिनिटं, आणि त्यानंतरच दवाखान्याची गाडी. मलम, थेंब, लिंबू-बिंबू काही नाही. नळ पॉटपासून दहा सेकंदांच्या आत पोहोचता येईल असा असावा. डोळे मिटून चालत जाऊन एकदा मोजून पाहा.